कूलरच्या आवाजातलं गलबत

ईशान, अन्वी, हे तुम्हा दोघांसाठी लिहिते आहे. तुम्हाला इंग्रजी सोपं जातं हे मला ठाऊक आहे, आणि मलाही जातं. इंग्रजी शाळेत शिकले, मग आयुष्यभर तिथेच शिकवलं. तरी मराठीत लिहिते आहे, कारण ज्या गोष्टीबद्दल लिहायचं आहे ती या घरात मराठीतच सांगितली गेली. सावकाश वाचा. अडलं तर आईला विचारा, पण आधी शेवटपर्यंत स्वतः जा.

आत्ताच का, तर ईशानमुळे. रविवारी तू फोनवर म्हणालास, "आजी, या सुट्टीत मी डायव्हिंग शिकणार. आजोबांसारखं." मी म्हटलं, छान. मग तू म्हणालास, "आजोबा सांगायचे, काही त्रास होत नाही. लिफ्टमधून उतरल्यासारखं सरळ खाली जायचं." मी पुन्हा छान म्हणणार होते. तोंडाशी आलेला शब्द तिथेच थांबला. तव्यावर पोळी आहे असं सांगून मी फोन ठेवला. तव्यावर काही नव्हतं. गॅसही पेटवलेला नव्हता.

त्यानंतर दोन दिवस मी कपाटं आवरली. मला काही सुचेनासं झालं की मी कपाटं आवरते, हे तुमच्या आईला विचारा, ती हसेल. तिसऱ्या दिवशी कूलर लावायला माणूस आला.

तुमच्याकडे ऋतू उलटे, आता स्वेटर बाहेर निघाले असतील. इथे नागपुरात, मनीषनगरात, सकाळी नऊला ऊन अंगावर येतं आणि दुपारी रस्त्यावर चिटपाखरू नसतं. बाहेर पडणारी माणसं डोकं, तोंड दुपट्ट्यात गुंडाळून फक्त डोळे उघडे ठेवतात. कूलर खिडकीत बसवायचा, जुन्या ताट्या काढून नव्या लावायच्या, टाकी भरायची, पंप तपासायचा, हे सगळं तुमचे आजोबा स्वतः करायचे. दुसऱ्याला हात लावू द्यायचे नाहीत. यंदा मी माणूस बोलावला. त्याने काम चांगलं केलं. ताट्या वाळ्याच्याच लावल्या, मी सांगितलं होतं तशा. पंप सुरू झाला, टाकीत गुळगुळ झाली, पाणी वरून झिरपू लागलं, आणि मग पंख्याची ती एकसुरी घरघर. ओल्या वाळ्याचा वास खोलीभर पसरला. तो माणूस गेल्यावर मी पलंगावर पडले आणि डोळे मिटले.

समुद्राच्या पोटात असाच आवाज असतो. लोकांना वाटतं तिथे नुसती शांतता असते. तसं नाही. तोंडातल्या नळीतून आपणच आत ओढलेली हवा घरघरते, बाहेर सोडली की बुडबुडे गुळगुळत कानावरून वर जातात, पुन्हा घरघर, पुन्हा गुळगुळ. दुसरं काही ऐकू येत नाही. कूलर लावलेल्या खोलीत दुपारी एकटं पडलं की माणूस तिथे पोचतो. निदान मी पोचते.

तो हिवाळा तुमचा होता, खरं म्हणजे. ईशान, तुझे पुढचे दोन दात पडलेले होते आणि अन्वीला तेव्हा जेमतेम चालता येत होतं. तुम्ही सगळे नाताळात येणार, म्हणून आजोबांनी कोकणात, मालवणच्या खाली, समुद्राला लागून एका घरातल्या खोल्या घेऊन ठेवल्या होत्या. त्यांनी आणखीही एक गोष्ट ठरवली होती. समुद्रात उतरायचं, सिलिंडर पाठीला लावून, ते आणि तुमची आई. लहानपणी मधुरा, तुमची आई, त्यांच्याबरोबर सगळीकडे जायची, झाडावर, टाकीवर, कारखान्याच्या गच्चीवर. हे त्या दोघांचं चाललेलं होतं, मला नुसतं कानावर घालण्यात आलं होतं. मग तुमच्याकडे काहीतरी अडलं, सुट्टीचं की तिकिटांचं, आता मला आठवत नाही, आणि तुम्ही आला नाहीत. कुणाचा दोष नव्हता. "आपण तर जाऊ," आजोबा म्हणाले. सहा माणसांच्या खोल्यांमध्ये आम्ही दोघंच राहिलो. सकाळी व्हरांड्यात सहा खुर्च्या मांडलेल्या असायच्या. त्या घरची बाई रोज विचारायची, बाकीचे कधी येणार? दुसऱ्या दिवसापासून मी चार खुर्च्या आत नेऊन भिंतीला लावून ठेवायला लागले.

आजोबांनी नागपूरहून संत्र्यांची पेटी नेली होती. डिसेंबर म्हणजे संत्र्यांचे दिवस. मी म्हटलं, "अहो, समुद्राकाठी नारळ सोडून संत्री कोण खातं?" ते म्हणाले, "म्हणून तं नेऊन राहिलो ना वं. त्याइले कोण देईन मंग?" आणि खरंच, त्या आठवड्यात त्या वाडीत सगळ्यांकडे संत्र्यांची सालं दिसत होती. कोंबड्यासुद्धा त्यांच्याभोवती फिरत होत्या.

आजोबांचं बोलणं तुम्हाला आठवत असेल. नोकरीत इंजिनिअर, साहेबांशी इंग्रजी, कामगारांशी हिंदी, आणि घरात आले की नागपुरी. बुटीबोरीच्या एका कापड कारखान्यात त्यांनी उभी नोकरी काढली. त्यांच्याकडे कॉम्प्रेसर होते, हवा दाबून नळ्यांमधून मशिनींना पुरवणारे. हवेशी त्यांची ओळख होती, ते तसंच म्हणायचे. पण त्याच कारखान्यात कापसाची तूस उडायची, ती त्यांच्या छातीत बसली आणि दमा झाला. दुसऱ्यांसाठी जन्मभर हवा दाबली आणि स्वतःला पुरली नाही, असं मी एकदा बोलून गेले तेव्हा ते पोट धरून हसले आणि हसता हसता त्यांना धाप लागली.

ज्या दिवशी उतरायचं होतं त्या सकाळी किनाऱ्यावर एक रापलेला, गंभीर चेहऱ्याचा माणूस आमची वाट पाहत होता. रुपेश त्याचं नाव. चाळिशीचा असावा. त्याने सिलिंडर कसे भरतात ते दाखवलं आणि आजोबा तिथेच खाली बसले, त्याच्या कॉम्प्रेसरला हात लावून, जुना मित्र भेटल्यासारखे. गाळणी कधी बदलतोस, तेल कुठलं घालतोस, पाणी काढतोस का रोज. रुपेशला प्रश्न आवडले. मग त्याने त्याचा प्रश्न विचारला, जो त्याला सगळ्यांना विचारावाच लागतो.

"काका, दम्याचो त्रास?"

आजोबा खोटं बोलू शकले असते. खिशातला पंप खिशातच राहिला असता. त्यांनी तो बाहेर काढून दाखवला. "हाये. पण कंट्रोलमधी हाये."

"मग नाय जमाचा, काका."

"अरे बापा, हवा तुह्या कॉम्प्रेसरची ना? मी जिंदगीभर हवाच दाबून राहिलो. हवेले मी ओळखतो, हवा मले ओळखते."

"हवा वळखता तुमका, पण तुमची छाती वळखता मा?" रुपेश म्हणाला. तो चेष्टा करत नव्हता. "खाली गेल्यार नळी आखडली, तर मी काय करू? वर काकींका काय सांगू?"

मशीन चालवणाऱ्या माणसाला नियम कळतो. त्यांनी पंप खिशात टाकला, उगाच दोन वेळा खिसा चाचपला, समुद्राकडे पाहिलं. मी त्यांच्या पाठीकडे पाहत होते. लग्नानंतर मी त्यांना काही मागताना पाहिलं नव्हतं आणि त्या दिवशी त्यांनी एका परक्या माणसाकडे मागितलं होतं.

मग ते वळले. "मधुराची जागा हाये ना? तिचे पैसे भरले हायेत. तू जा वं, सुधा."

"मी? वेड लागलंय का?"

"तुले पोहता येते."

पोहता येत होतं. रामटेकजवळ मामांच्या शेतात विहीर होती. सुट्टीत पाठीला तुपाचा रिकामा डबा बांधून मामा आम्हा मुलींना त्यात ढकलायचे. पण ते लहानपणी. त्यानंतर मी ओली झाले ती फक्त कूलरच्या टाकीने.

"काहून घाबरतेस? मी वर बसतो ना," ते म्हणाले. आणि मग हळू आवाजात, रुपेशला ऐकू जाऊ नये म्हणून: "तू पाहून ये. अन् मले सांगजो. सगळं."

नागपूरहून निघण्यापूर्वी दोघांची डॉक्टरांकडून तपासणी मीच करून घेतली होती, ते माझ्या स्वभावात आहे. माझ्यात खोट नव्हती. रुपेशने माझ्या वयाकडे पाहून जरा विचार केला, चार प्रश्न विचारले आणि मान हलवली. तिथे, साडी बदलून, गुडघ्यापर्यंतचा काळा रबरी पोशाख चढवून, कमरेला शिशाचे तुकडे बांधून मी उभी राहिले तेव्हा आजोबा म्हणाले, "एकदम भैताड दिसून राहिली." भैताड म्हणजे वेडी. बऱ्याच दिवसांनी ते माझ्याकडे इतका वेळ पाहत होते.

होडी खूप आत गेली. समुद्रातून वर आलेल्या खडकांची काही बेटं आहेत तिकडे, काळी, उघडी. त्यांतल्या एकाच्या पोटात मोठी गुहा आहे, भरतीचं पाणी आत शिरतं आणि दणका देऊन परत येतं. गुहेच्या छतात पाकोळ्या राहतात, चिमणीएवढे काळपट पक्षी. शेकडो, आतबाहेर करणाऱ्या. त्या खडकाच्या आडोशाला पाणी जरा शांत होतं आणि तिथेच, तळाशी, एक जुनं गलबत बुडालेलं होतं. कौलं भरून दक्षिणेकडून येणारं. कुणाचं, केव्हाचं, रुपेशला माहीत नव्हतं. त्याच्या आजाला माहीत होतं आणि त्याने सांगितलं नव्हतं.

मला होडी लागली. आजोबांनी संत्र्याचं साल दुमडून माझ्या नाकाशी धरलं. त्याचा फवारा डोळ्यांत गेला, डोळे चुरचुरले, आणि मळमळ थांबली. "नागपूरची दवाई," ते रुपेशला म्हणाले.

आता खाली उतरतानाचं, ईशान, हे नीट वाच.

दोर धरून मी उतरत होते. रुपेशचा एक हात माझ्या दंडावर होता. डोक्यावरून पाणी गेलं आणि ती घरघर सुरू झाली. थोडीशी खाली गेले असेन, आणि डाव्या कानात कुणीतरी दाभण घातल्यासारखी कळ आली. लहानसहान नव्हे. दातापर्यंत, जबड्यापर्यंत. मला ओरडावंसं वाटलं, पण तोंडात नळी होती. किनाऱ्यावर शिकवलेलं आठवलं आणि मी कानाकडे बोट दाखवलं. रुपेशने मला लगेच थोडं वर घेतलं. नाक चिमटीत धरून हलकेच फुंकायची खूण केली. मी फुंकलं. नाही झालं. पुन्हा, जरा हलकेच. कानात आतल्या आत टक असा आवाज झाला, एखादी छोटी कडी निघावी तसा, आणि कळ गेली. मग पुन्हा खाली, थोडं, फुंकणं, थोडं, फुंकणं. ते लिफ्टसारखं नसतं. ते जिन्यासारखं असतं, आणि प्रत्येक पायरीवर थांबावं लागतं. दुखलं की थांबायचं, सोसायचं नाही, वर यायचं. तुझा शिक्षक तुला हे सांगेलच. तरी मी सांगते आहे.

खाली पाणी हिरवट होतं, गढूळसर. आधी वाळू दिसली. मग वाळूतून वर आलेली लाकडं, एखाद्या मोठ्या जनावराच्या फासळ्यांसारखी. आणि त्यांच्या मधे कौलं.

मुलांनो, मी जन्मभर नीटनेटकेपणाच्या मागे लागले. डबे, फायली, वह्या, मुलींच्या रांगा. माझी चेष्टाही पुष्कळ झाली. पण त्या हिरव्या अंधारात मला जे दिसलं त्याने माझा श्वास क्षणभर थांबला, आणि श्वास थांबवायचा नाही असं बजावलेलं असूनही थांबला. कौलं रचलेली होती. ओळीने, उभी, एकाला एक टेकून, जशी कुणीतरी बंदरावर गलबतात लावली असतील तशी. वरच्या ओळी ढासळल्या होत्या, कडांवर शंख आणि शेवाळ चढलेलं होतं, पण खालच्या ओळी जागच्या जागी होत्या. दोन कौलांच्या फटीतून एक लहान मासा बाहेर आला, मला पाहिलं आणि उलटा आत गेला. ज्या घरांवर ती जायची होती ती घरं कुठेतरी उभी राहिली असतील, दुसऱ्या कौलांखाली.

पुढे खडकाचा पायथा होता आणि त्यात आणखी एक गुहा, पाण्याखालची. रुपेशने हाताने थांबायला सांगितलं. आत जायचं नव्हतं, नुसतं पाहायचं होतं. तिच्या तोंडाशी उजेड संपत होता. त्या कडेवर मासे होते, पुष्कळ, सगळे एकाच दिशेला तोंड करून, जागच्या जागी हलत, प्रार्थनेला उभ्या असलेल्या वर्गासारखे. त्यांच्या मागे काहीच दिसत नव्हतं. मी तिथे किती वेळ होते मला सांगता येणार नाही. माझ्या श्वासाशिवाय आवाज नव्हता. इतकी एकटी मी त्याआधी कधी नव्हते. पण तेव्हा त्या एकटेपणाला धार नव्हती, कारण मी पाहत होते ते सगळं मनात शब्दांत लावत होते. वर कुणीतरी वाट पाहत होतं, ज्याला ते सांगायचं होतं.

मी वर पाहिलं. होडीचं फक्त बूड दिसलं, काळं, बदामी आकाराचं, डुलणारं. त्यावर कोण बसलं आहे ते खालून दिसत नाही.

वर आले तेव्हा आजोबा काठावरून इतके वाकले होते की होडी चालवणाऱ्या माणसाने त्यांना मागून धरलं होतं. माझ्या तोंडातली नळी निघाली आणि त्यांनी संत्र्याची फोड माझ्या तोंडात घातली. ओठांवर खारट पाणी, आत ते आंबटगोड. अजून संत्रं खाताना मी कधीकधी आधी ओठांना मीठ लावते. घरात कुणी नसताना.

"कसं वाटलं वं?"

"श्वास तर घेऊ द्या. सांगते."

"नाही, आत्ता सांग. विसरून जाशीन."

मी सांगितलं. होडीत बसून, कुडकुडत. कान मात्र नाही सांगितला.

हे तुम्हाला समजावून सांगायला हवं. आमच्या घरात एक रीत पडून गेली होती, कुणी न ठरवता. त्यांच्या श्वासापुढे बाकीच्या दुखण्यांनी मागे उभं राहायचं. डोकं दुखतंय, पाय मुरगळला, ताप आहे, हे त्यांच्यासमोर बोलायचं नाही, कारण ते घाबरायचे आणि घाबरले की त्यांना धाप लागायची. तुमची आईसुद्धा लहानपणी गुडघा फुटला तर आधी माझ्याकडे यायची, मागच्या दाराने. त्या दिवशी होडीत त्यांची छाती आधीच वाजत होती, मला ऐकू येत होती. मी म्हटलं, "काही त्रास झाला नाही. सरळ खाली गेले." ते म्हणाले, "लिफ्टसारखी?" मी म्हटलं, "हो, लिफ्टसारखी."

तुमच्या आईला आम्ही तेव्हा काही कळवलं नाही. येता आलं नाही म्हणून ती आधीच खट्टू होती, त्यात तिच्या जागेवर मी उतरले हे कशाला सांगायचं, असं आम्ही ठरवलं. समुद्र छान होता, एवढंच सांगितलं.

त्यानंतरचे उन्हाळे मला एकच दुपार असल्यासारखे आठवतात. बाहेर पांढरं ऊन, आत खिडकी लावलेली, कूलर चालू, आम्ही दोघं जेवून पडलेले. आणि ते म्हणायचे, "हं, सांग."

"किती वेळा सांगू?"

"कौलं उभी होती का आडवी?"

"उभी."

"मंग बरोबर हाये. आडवी असती तं आपल्याच वजनानं फुटली असती. रचणारा शहाणा होता." मग थोड्या वेळाने: "अन् गुहेत मासे काहून एकीकडंच पाहत होते?"

"ते मला काय माहीत?"

"प्रवाह असंन. प्रवाहाकडं तोंड करून राहतात ते, नाही तं वाहून जातीन." असं करत त्यांनी माझ्या पाहण्याला कारणं जोडली. मी पाहिलं होतं आणि त्यांना कळलं होतं. हळूहळू ते सांगणं दोघांचं झालं. कधी मी एखादा तपशील विसरले तर ते आठवण करून द्यायचे. ते तिथे नव्हते आणि त्यांच्या आठवणीत ते जास्त नीट होतं.

मग त्यांचं विसरणं सुरू झालं. तुम्ही ते फोनवरून थोडं पाहिलं. आधी चष्मा, किल्ल्या. मग माणसांची नावं. मग एके दुपारी, कूलर चालू होता, ते मला म्हणाले, "मी खाली गेलो होतो ना, तवा ते कौलं पाह्यले. उभे होते सगळे."

मी शिक्षिका. चूक दिसली की माझा हात आपोआप उठतो. मी म्हटलं, "अहो, तुम्ही नाही. मी उतरले होते. तुम्ही होडीत होतात."

ते माझ्याकडे पाहत राहिले. संध्याकाळी चहा घेतला नाही. दिवे लागायच्या वेळी गॅलरीत बसले होते, तिथून हाक मारली. "सुधा, मी खोटं बोलून राहिलो होतो काय वं?"

त्यांनी रुपेशसमोर खिशातून पंप काढून दाखवला होता, तोच हा माणूस. मी म्हटलं, "नाही हो. मीच विसरले असेन."

त्यानंतर मी दुरुस्त केलं नाही. आमच्या जागा बदलल्या. ते सांगायचे आणि मी विचारायची, "मग? पुढे?" ते चांगलं सांगायचे, माझ्यापेक्षा चांगलं. त्यात हवेचा दाब यायचा, सिलिंडरची गाळणी यायची, मासे प्रवाहाकडे तोंड करायचे. बाकी सगळं विसरलेल्या माणसाला एवढं पक्कं आठवत होतं, आणि ते सांगताना त्यांची धाप कमी व्हायची. हे मी डॉक्टरांना सांगितलं, ते नुसते हसले.

रुपेशने काढलेला छोटा व्हिडिओ आमच्याकडे होता. काळा पोशाख, काचेचा मुखवटा, बुडबुडे. आत कोण आहे ते देवालाही ओळखता येणार नाही. तो त्यांनी तुम्हाला फोनवर दाखवला, ईशान, तुला आठवतं? "हा मी," असं म्हणून. तू टाळ्या वाजवल्यास. आणि तुमची आई मागून आली आणि माझ्यावर ओरडली, "आई, बाबांना दमा आहे हे माहीत असून तू जाऊ कसं दिलंस त्यांना?" मी ते ओरडणं ऐकून घेतलं. आजोबा खुदकन हसले आणि तिला म्हणाले, "तुह्या मायले बोलू नको. ते नाहीच म्हणत होती."

त्या सांगण्यात शेवटी शेवटी एक नवीन गोष्ट येऊ लागली. ती मी त्यांना कधीच सांगितली नव्हती. ते म्हणायचे, गुहेच्या तोंडाशी त्यांनी वर पाहिलं, तर होडीच्या काठावर मी बसलेली दिसले, एवढीशी, हातात संत्रं घेऊन. आणि मग ते थांबायचे आणि माझा हात धरायचे. "तुले किती वेळ एकटीले बसा लागलं ना वं. मी लवकर याले पाह्यजे होतं."

"काही वेळ नाही झाला," मी म्हणायची.

गेल्या पावसाळ्याच्या शेवटी ते गेले. हा त्यांच्याशिवायचा पहिला उन्हाळा. दुपारी कूलर लागतो, वाळ्याचा वास येतो, घरघर सुरू होते, आणि मी वाट पाहते की पलीकडून कुणीतरी म्हणेल, हं, सांग. व्हरांड्यातल्या त्या सहा खुर्च्या मला हल्ली वरचेवर दिसतात. आत नेऊन लावायला आता पाच आहेत.

रविवारपासून माझ्या मनात जे चाललं होतं ते इतकंच. तुमच्या डोक्यात आजोबा समुद्रात उतरलेले आहेत. ते तिथून काढून घ्यायचं माझ्या जिवावर आलं होतं. त्यांना जे हवं होतं ते त्यांना शेवटी मिळालं होतं, आणि ते त्यांच्याजवळून परत घेणारी मी कोण? मी गप्प राहिले असते. पण त्यांच्या सांगण्यात कान नव्हता, ईशान. तो मी ठेवून घेतला होता. त्यामुळे ते तुला म्हणाले की सरळ खाली जायचं, आणि तू त्यांचं ऐकशील, कारण तू त्यांचं ऐकतोस.

तेव्हा आता तुम्हाला माहीत आहे. खाली मी गेले होते. आईलाही सांगा. ती आता मला ओरडली तर ते ओरडणं बरोबर माणसाला लागेल.

पण कौलं उभी का होती आणि मासे प्रवाहाकडे तोंड का करतात, हे तुला आजोबांनी सांगितलं ते खरं आहे. ते विसरू नकोस. खाली गेलास की पाहा. आणि वर आल्यावर मला फोन कर. किती वाजले आहेत ते पाहू नकोस. मी विचारेन आणि तू सांगायचं, सगळं.

माझ्याजवळ काय उरलं आहे ते सांगते. तो मुखवट्याचा व्हिडिओ आहे, पण तो कुणाचाही असू शकतो. संत्र्यांची पेटी तिथल्या बाईने कोंबड्यांना ठेवून घेतली. संध्याकाळी ऊन उतरलं की मी कूलर बंद करते. टाकीतलं पाणी थेंब थेंब गळतं, मग तेही थांबतं, आणि घर अगदी गप्प होतं. मी आवंढा गिळते. डाव्या कानात टक असा आवाज होतो. त्या दिवसापासून तो होतो आणि अजून होतो.